नॅसची एक डिस्क बदलायला गेलो, दुसरीही बसली. आता काय करू?

कपाशीवाला (धरणगाव) · २ मे २०२५, रात्री ११:४०

मंडळी, घाईत लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरी चार खणांचा नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइल साठवायचा डिस्कचा डबा. २०१८ च्या जूनमध्ये घेतला. चारही डिस्क ४ टीबीच्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या. रेड ५ (सगळ्या डिस्कवर डेटा वाटून ठेवायची पद्धत) करून ठेवलं होतं, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालतं असं ऐकून होतो. साडेसहा टीबी भरलंय. माझ्या बंद झालेल्या फोटो स्टुडिओचं पंधरा वर्षांचं काम, घरचे फोटो, आणि आजीच्या आवाजातली कानबाईची (आमच्या खान्देशातल्या देवीची) गाणी. ती २०१४ च्या श्रावणात मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. आजी आता नाही.

परवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण नंदुरबारहून माहेरी आली. दुपारी म्हणाली, दादा ती गाणी लाव. लावायला गेलो तर नॅस बीप बीप करतोय आणि खण २ चा दिवा नारिंगी. काल १ मेची सुट्टी होती, तरी जळगावला गोलाणी मार्केटात एक दुकान उघडं सापडलं. नवी डिस्क आणली, खण २ मध्ये घातली, स्क्रीनवर "दुरुस्त करा" असं बटण होतं ते दाबलं. रात्रभर चाललं. आज सकाळी ६१ टक्क्यांवर परत बीप. आता खण ३ ला "बिघाड" आणि वर लाल अक्षरात "व्हॉल्यूम क्रॅश". एकही फोल्डर उघडत नाही.

दोनदा बंद करून चालू केला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, चारही काढून परत लावा आणि इनिशिअलाइज करा, सगळं ठीक होईल. अजून केलेलं नाही. हात थरथरतोय म्हणून आधी इथे विचारतोय.

---

पांझरा (धुळे) · २ मे, रात्री ११:५२

भाऊ, आते हात नको लावू! इनिशिअलाइज म्हणजे पाटी पुसणं शे. दुकानदारना फोन बी उचलू नको.

दिवा कोणता, आवाज कसा, ते नीट सांग. डिस्क टक् टक् करस का?

---

भरीत पार्टी (जळगाव) · २ मे, रात्री ११:५८

वाचतोय. माझ्याकडेही असाच डबा आहे, आता झोप लागायची नाही.

---

रुळावरचा (भुसावळ) · ३ मे, सकाळी ६:१०

पांझरांना +१. तिसऱ्यांदा चालू-बंद करू नका. नीट शटडाऊन करा आणि प्लग काढून ठेवा. त्याआधी एकच काम. नॅसच्या पानावर प्रत्येक डिस्कची "स्मार्ट" माहिती असते, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, तिचे मोबाइलवर फोटो काढा. मला हे आकडे हवेत: ५, १९७, १९८, १९९ आणि ९. सगळ्या डिस्कचे. काढलेली जुनी खण २ वालीही जपून ठेवा, कुणाला देऊ नका, फेकू नका.

आणि डिस्कवर पेनाने खण नंबर लिहा. १, २ जुनी, २ नवी, ३, ४. हे आत्ता क्षुल्लक वाटेल.

---

कपाशीवाला · ३ मे, सकाळी ८:३५

बंद केला. टक् टक् आवाज कुठेच नाही, खण ३ फक्त मधूनमधून थबकल्यासारखी वाटायची. आकडे:

खण १ आणि ४: पाचही ठीक दिसतात, म्हणजे पहिले चार शून्य. तास (९ चा आकडा) ५९ हजारांच्या वर.

खण ३: ५ ला शून्य, १९७ ला ४८, १९८ ला ४८, १९९ ला शून्य. तास तेवढेच.

खण २ जुनी: काढायच्या आधीचा फोटो बहिणीने काढला होता म्हणून मिळाला. ५ ला १९८४. बाकी दिसत नाही, तिचं बोट मध्ये आलंय.

---

रुळावरचा · ३ मे, सकाळी ९:२०

बहिणीच्या बोटासकट फोटो चालेल. बातमी तशी वाईट नाही.

सोपं करून सांगतो. ५ म्हणजे खराब निघालेल्या आणि राखीव जागेवर हलवलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या बारीक कप्प्यांची) मोजणी. जुन्या खण २ ची जवळपास दोन हजार, म्हणजे ती म्हातारी झाली, तिला जाऊ द्या. १९७ म्हणजे "वाचता येत नाहीये, पुढे बघू" म्हणून बाजूला ठेवलेले सेक्टर. खण ३ चे ४८. म्हणजे ती मेलेली नाही, तिला फक्त ४८ ठिकाणी अडखळायला होतंय. ४ टीबीच्या डिस्कवर ४८ सेक्टर म्हणजे शंभर एकर केळीत एक पान फाटलंय. १९९ शून्य म्हणजे केबल-कनेक्टरचा दोष नाही. तो आकडा वाढत असेल तर लोक उगाच चांगली डिस्क फेकतात, खरं तर नुसती केबल बदलायची असते.

आता झालं काय. रेड ५ मध्ये एक डिस्क गेल्यावर तिच्यावरचं सगळं उरलेल्या तिघींच्या हिशेबातून परत काढतात, यालाच रीबिल्ड म्हणतात. त्यासाठी तिघींचा प्रत्येक सेक्टर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाचावा लागतो. तुमच्या खण ३ मधले ते सेक्टर कदाचित वर्षभरापूर्वीच खराब झाले असतील. तिथली फाइल कुणी उघडली नाही म्हणून कुणाला कळलं नाही. रीबिल्डने तिथे पहिल्यांदा हात घातला, वाचता आलं नाही, आणि नॅसने अख्खी डिस्कच बाद केली.

मी रेल्वेत सिग्नलला होतो. आमच्याकडे एक रिले बंद पडला की पहिला नियम असा, की बाकीचे कशाला टेकून उभे आहेत ते आधी बघ. तुम्ही दुरुस्ती आधी केली, बघायचं राहिलं. चालायचंच, बटण समोर असतं म्हटल्यावर माणूस दाबतोच.

---

केळीचा घड (रावेर) · ३ मे, सकाळी ९:४१

शंभर एकर केळीत एक पान म्हणता, पण ते पान घडाच्या डोक्यावरचं असलं तर? 😄

भाऊ, मी दोन वर्षांपूर्वी असंच झाल्यावर मुंबईच्या एका रिकव्हरीवाल्याला कुरिअर केली. "तपासणी फुकट" म्हणाले. नंतर ३५ हजार सांगितले. नाही म्हटलं तर डिस्क परत द्यायचे वेगळे पैसे. आणि आली तेव्हा उघडलेली होती. एकदा झाकण उघडलं की घरी काही होत नाही. हेड आणि प्लेटच्या मधली फट काही नॅनोमीटरची असते, आपल्याकडची धूळ त्यापुढे गोटीएवढी.

---

भरीत पार्टी · ३ मे, सकाळी १०:०५

एक मित्र म्हणतो डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, चालू होते. खरं का?

---

पुण्यातली खान्देशी · ३ मे, सकाळी १०:३०

नाही. मित्राला आइसक्रीम ठेवायला सांगा.

मे महिन्यात जळगावच्या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर आत-बाहेर पाणी सुटेल. फार जुन्या, अडकलेल्या मोटरच्या डिस्कवर कुणाला कधी नशिबाने चाललं असेल, पण इथली डिस्क अडकलेली नाहीच, फिरतेय. धागाकर्ते, असलं काही करू नका.

मी स्टोरेजमध्येच काम करते (मूळची अमळनेरची). तुमचं बहुतेक सगळं परत मिळेल असं मला वाटतंय, पण क्रम चुकवायचा नाही. काय लागेल ते सांगते:

एक, साटा पोर्ट (डिस्क थेट जोडायची जागा) असलेला डेस्कटॉप. लॅपटॉपला यूएसबी डॉकनेही होतं, पण डॉक मध्येच डिस्क सोडून देतात.
दोन, खण ३ एवढी किंवा मोठी रिकामी डिस्क.
तीन, साडेसहा टीबी मावेल असं वेगळं ठिकाण, ८ टीबीची बाहेरची डिस्क घ्या.
चार, पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली).

विंडोजला या डिस्क जोडू नका. जोडल्या की खिडकी येते, "डिस्क इनिशिअलाइज करायची का?" आणि बोट आपोआप होकाराकडे जातं.

---

कपाशीवाला · ३ मे, दुपारी १२:१५

ताई, मनापासून आभार. भाच्याकडे गेमिंगचा डेस्कटॉप आहे, चाळीसगावला. तो येतो म्हणालाय. नव्या खण २ च्या डिस्कवर ६१ टक्के रीबिल्ड झालंय, तीच वापरू का? दुसरी घ्यायची म्हणजे खिशाला अजून एक खड्डा.

---

पुण्यातली खान्देशी · ३ मे, दुपारी १:०२

नको. ती तशीच बाजूला ठेवा. लागणार नाही बहुतेक, पण डेटा हातात येईपर्यंत यातली एकही डिस्क पुसायची नाही. खड्डा पडू द्या.

आता कामाचं. "डीडीरेस्क्यू" नावाचं फुकट साधन आहे. ते खण ३ ची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर काढतं. साध्या कॉपीसारखं अडखळल्यावर थांबत नाही. आधी सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अवघड जागा सोडून देतं, आणि मग शेवटी त्या जागांवर परत परत येतं. कुठवर आलो ते एका नोंदफाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. ही नोंदफाइल तिसरीकडेच ठेवा, पेनड्राइव्हवर वगैरे. मूळ डिस्क आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर संपलं, म्हणून आदेश देण्याआधी दोन्हींचे सिरीयल नंबर भाच्याला मोठ्याने वाचायला लावा. मी चौदा वर्षं हेच काम करतेय, अजूनही मोठ्याने वाचते.

नक्कल झाली की खण १, नक्कल, आणि खण ४, या तिघींना लिनक्समध्ये "एमडीएडीएम" नावाच्या साधनाने "असेम्बल" करायचं, म्हणजे आहे तो रेड परत जुळवायचा, जबरदस्तीने, म्हणजे "फोर्स" लावून. कारण खण ३ ला नॅसने मध्येच बाहेर काढलं, तिची नोंद बाकीच्यांपेक्षा थोडी मागे आहे. इंटरनेटवर कुणी "क्रिएट" वापरा असं लिहिलेलं दिसेल. क्रिएट (रेड नव्याने बनवणं) नाही. त्यात डिस्कचा क्रम किंवा तुकड्याचं माप चुकलं की होतं तेही हातचं जातं. असेम्बल झालं की फक्त वाचण्यापुरतं माउंट करा (उघडा) आणि आधी आजीची गाणी उचला. बाकी नंतर.

---

सातपुडा ७ (शहादा) · ३ मे, दुपारी ३:२०

वाचनखूण साठवली.

पण मूळ मुद्द्यावर कुणीच बोलत नाहीये. रेड ५ हेच जुनं झालं. डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटमागे एक न वाचता येणारी चूक. म्हणजे साडेबारा टीबी. धागाकर्त्यांनी रीबिल्डला ३ गुणिले ४, बारा टीबी वाचलं. म्हणजे गणितानेच अपयश ठरलेलं होतं. मी चार वर्षांपूर्वीच रेड ६ वर गेलो, त्यात दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

---

रुळावरचा · ३ मे, दुपारी ४:४५

सातपुडा साहेब, ते गणित मीही पूर्वी सगळ्यांना ऐकवायचो. पण कागदावरचा आकडा म्हणजे कंपनीने स्वतःला दिलेली पळवाट आहे, प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्याच चांगल्या वागतात. तसं नसतं तर माझा स्वतःचा महिन्याचा स्क्रब (सगळी डिस्क वाचून तपासणं) दर वेळी एक चूक दाखवता. पाच वर्षांत एकदा दाखवली.

तुमचं रेड ६ चुकीचं नाही. पण धागाकर्त्यांना रेड ६ ने वाचवलं असतं त्याहून आधी स्क्रबने वाचवलं असतं. कपाशीवाले, महिन्यातून एकदा सगळी डिस्क वाचून तपासायचा पर्याय असतो. तो चालू होता का?

---

कपाशीवाला · ३ मे, संध्याकाळी ७:१०

खरं सांगू? सुरुवातीला होता. रात्रभर खरखर आवाज यायचा, वडिलांना झोप लागायची नाही. नॅस बैठकीत टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे आणि वडील तिथेच झोपतात. २०२० मध्ये मी तो बंद केला.

---

पुण्यातली खान्देशी · ३ मे, संध्याकाळी ७:२८

मग उत्तर मिळालं. चारही डिस्क शाबूत असताना स्क्रबला तो खराब सेक्टर सापडला असता, तर बाकीच्यांवरून त्याने तो तिथल्या तिथे नव्याने लिहून टाकला असता. कुणाला पत्ताही लागला नसता. पाच वर्षं न वाचलेली डिस्क आणि पाच वर्षं न उघडलेली धान्याची कोठी, आत काय चाललंय ते उघडल्यावरच कळतं.

आणि "एकाच दुकानातून, एकाच दिवशी" हेही आहेच. एकाच घाण्यातल्या, तेवढेच तास फिरलेल्या, एकाच उकाड्यात भाजलेल्या. एक थकली की बाकीच्याही थकलेल्याच असतात.

---

पांझरा · ३ मे, रात्री ९:००

ताई एक ईचारू का. मना नॅसमा स्मार्ट बठ्ठं हिरवं दाखाडस. म्हणजे चांगलं शे ना?

---

पुण्यातली खान्देशी · ३ मे, रात्री ९:३५

हिरवं असणं चांगलंच. पण त्यावर निर्धास्त झोपू नका. गूगलच्या लोकांनी २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. लाल दिसलं तर पळा. हिरवं दिसलं तर फक्त "आज काही कळलं नाही" एवढाच अर्थ घ्या.

---

केळीचा घड · ४ मे, सकाळी ७:५०

शोकेसमध्ये ठेवलाय म्हणता, काच लावलेली? मागून हवा? मेमध्ये आमच्याकडे रात्री अकराला बैठकीत ३८-३९ अंश असतं. मी माझा डबा कूलरच्या झोतात ठेवलाय, मस्त ४२ वर राहतो.

---

रुळावरचा · ४ मे, सकाळी ८:३०

कूलरच्या झोतातून काढा! आजच काढा. कूलरची हवा थंड दिसते पण ओली असते, आणि आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्या हवेबरोबर उडतो. कूलरच्या जाळीवर पांढरी पापडी बसते ना, तीच नॅसच्या बोर्डावर बसते. माझ्या मेव्हण्याचा राउटर असाच हिरवा होऊन मेला. साध्या डिस्कला वर एक बारीक भोक असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. हेलियम वायू भरलेल्या तेवढ्या सीलबंद असतात.

उष्णतेबद्दल म्हणाल तर बहुतेक डिस्कच्या कागदावर ६० ते ६५ अंशांची मर्यादा असते. ४५ च्या खाली राहिली तर चैन, ५५ वर गेली की मी पंखा तपासतो. कपाशीवाल्यांनी पंखा कधी उघडलाय का?

---

कपाशीवाला · ४ मे, सकाळी १०:५०

आत्ता उघडला. फोटो टाकायला लाज वाटते म्हणून लिहून सांगतो.

आमच्या गल्लीच्या मागे जिनिंग आहे. हंगामात दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत कापूस असतो, दोरीवरच्या कपड्यांना पांढरी लव येते. पंख्याच्या पात्यांवर त्या कापसाचा नमदा बसलाय. गोधडीत भरतात तसा, करड्या रंगाचा. चिमट्याने ओढला तर एकसंध निघाला, चक्क गोल चकती. आत हवा कुठून जाणार होती? वडिलांना दाखवली, ते म्हणाले, वात वळ.

---

भरीत पार्टी · ४ मे, सकाळी ११:१०

काकांना दंडवत 🙏

---

तापीकाठ (शिरपूर) · ४ मे, दुपारी २:००

विजेचं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे दुपारची जाते-येते. माझी पहिली डिस्क तशीच गेली असावी. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त होतो.

---

रुळावरचा · ४ मे, दुपारी २:४०

इन्व्हर्टरवर दोन गोष्टी बघा. मागे किंवा बाजूला "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा खटका असतो. नॉर्मलवर असेल तर वीज जाताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात पंखा-दिवा चालून जातो, नॅस मात्र रीस्टार्ट होतो. दुसरं म्हणजे घरचा इन्व्हर्टर नॅसला सांगू शकत नाही की बॅटरी संपत आलीय. रात्री अडीचला बॅटरी बसते आणि नॅस लिहिता लिहिता मान टाकतो. त्यामुळे यूएसबी वायर असलेला एक छोटा यूपीएस इन्व्हर्टर आणि नॅसच्या मध्ये लावा. वायरीने नॅसला निरोप जातो आणि तो स्वतः नीट बंद होतो. माझा तसाच आहे. खिडकीतून दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, तरी लावलाय.

---

सातपुडा ७ · ४ मे, संध्याकाळी ६:१५

नव्या डिस्क घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, पैसे वाया घालवून शिकलेली. स्वस्त मिळाली म्हणून साधी डेस्कटॉपची डिस्क नॅसमध्ये घातली. दोन भानगडी. एक, ती "शिंगल्ड" प्रकारची निघाली, म्हणजे कौलं एकावर एक चढवतात तसे तिचे ट्रॅक एकमेकांवर चढलेले. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रीबिल्डला चार दिवस लागले आणि चौथ्या दिवशी नॅसनेच तिला नापास केलं. दोन, डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर दिसला की मिनिट-मिनिट त्यावरच डोकं आपटत बसते. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत "नाही जमत" म्हणून सांगते, मग रेड बाकीच्यांवरून काम भागवतं. डेस्कटॉपवालीला तेवढा वेळ गप्प बघून नॅसला वाटतं ती मेलीच.

वर ऑनलाइन घेतलेली, त्या डिस्कची वॉरंटी भारतात लागू नाही असं नंतर कळलं. सिरीयल नंबर टाकून आधी बघायला हवं होतं.

---

भरीत पार्टी · ४ मे, संध्याकाळी ६:३०

म्हणजे एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा दोन खणांचा नॅस घेऊन दोन्ही डिस्कवर तेच ते ठेवलं तर संपलं ना? रेड १. दोन जागी कॉपी झाली, बॅकअप झाला.

---

केळीचा घड · ४ मे, संध्याकाळी ६:४४

हेच मीही म्हणतो.

---

पुण्यातली खान्देशी · ४ मे, संध्याकाळी ७:३०

रेड १ चांगलंच आहे, घरासाठी मला तेच आवडतं. एक गेली तर दुसरी जशीच्या तशी समोर, हिशेब नको. पण त्याला बॅकअप म्हणू नका. तुमच्या पोराने फोल्डर उडवलं तर दोन्ही डिस्कवरून त्याच सेकंदाला उडतं. व्हायरसने कुलूप लावलं तर दोन्हींना. विजेचा दाब एकदम चढला, चोर आला, छत गळलं, तर डबा एकच आहे. रेड ही चालू गाडीची स्टेपनी. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीचं काय करणार?

---

केळीचा घड · ४ मे, संध्याकाळी ७:५५

पण ताई, स्टेपनी असलेल्या गाडीनेच आम्ही रावेर ते जळगाव पंचवीस वर्षं जातोय. सगळ्यांनाच दोन गाड्या परवडत नाहीत. ८ टीबीची वेगळी डिस्क म्हणजे माझ्या दोन महिन्यांच्या किराण्याचे पैसे. तुमच्यासारख्या नोकरीवाल्यांना सोपं आहे बोलायला.

---

पुण्यातली खान्देशी · ४ मे, रात्री ८:२०

हे बरोबर आहे आणि मी जरा पुणेरी बोलले, माफ करा. मग असं करा. सगळ्याचा बॅकअप नका घेऊ. डाऊनलोड केलेले सिनेमे जाऊ देत, परत मिळतील. जे परत मिळणारच नाही ते वेगळं काढा. बहुतेक घरांत ते ५०० जीबीच्या आतच निघतं, आणि तेवढ्याला घरात पडलेली जुनी लॅपटॉपची डिस्कही चालते. धागाकर्त्यांची आजीची गाणी किती असतील?

---

कपाशीवाला · ४ मे, रात्री ८:३१

४० मिनिटं. २१ फाइल. सगळ्या मिळून एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतील.

हे लिहिताना मलाच कसंतरी झालं.

---

कपाशीवाला · १० मे, रात्री १०:०५

मंडळी, भाचा शुक्रवारी आला. काल संध्याकाळी डीडीरेस्क्यू सुरू केलं. सिरीयल नंबर त्याने मोठ्याने वाचले, मी वहीत टिक केली, वडिलांनी विचारलं, लग्नाची यादी करताय का.

पहिला फेरा साधारण नऊ तासांत झाला. सकाळी उठून बघतो तर ९९.९९ च्या पुढे. मग ते अवघड जागांवर आलं आणि तिथे दुपारपर्यंत चावत बसलं. डिस्क थबकायची, पुन्हा फिरायची. शेवटी वाचता न आलेलं एकूण ७३,७२८ बाइट. म्हणजे ७२ केबी. व्हॉट्सॲपच्या एका फोटोएवढं!

असेम्बलला पहिल्या वेळी नाही झालं, फोर्स लावायचा विसरलो. दुसऱ्या वेळी तीन डिस्क धरून उभं राहिलं. माउंट केल्यावर फोल्डर दिसले तेव्हा भाचा ओरडला, बहीण स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी आली. गाणी आधी उचलली. ताई, २१ च्या २१ वाजतात.

आता बाकीचं ८ टीबीवर चाललंय.

---

पांझरा · १० मे, रात्री १०:११

ऐ शाबास! धुळाले ये, शेवभाजी मनाकडून.

---

पुण्यातली खान्देशी · १० मे, रात्री १०:४०

वा! एक सावधगिरी. नक्कलवर त्या ७२ केबीच्या जागी आता रिकामं आहे आणि रेडला ते रिकामं आहे हे कळत नाही, ते खरा डेटा समजून पुढे देतं. तुमचा व्हॉल्यूम बीटीआरएफएस (फाइल मांडून ठेवायची एक पद्धत) असेल आणि चेकसम (डेटा बदलला का ते कळायचा पडताळा-आकडा) चालू असेल तर कॉपी करताना नेमक्या त्या फाइलवर चूक दिसेल. तसं नसेल तर फाइल गुपचूप बिघडलेली येईल. कोणता आहे?

---

कपाशीवाला · १२ मे, सकाळी ९:१५

बीटीआरएफएस निघाला, चेकसमसकट. २०१८ मध्ये कुणाच्या सांगण्यावरून निवडला होता ते आठवत नाही, त्याचं भलं होवो. कॉपी तीन फाइलवर अडली. एका लग्नाच्या व्हिडिओचे दोन तुकडे, आणि एक सातबाऱ्याचा स्कॅन. सातबारा परत काढता येतो. लग्नवाल्यांना २०११ मध्येच सीडी दिली होती.

---

सातपुडा ७ · १२ मे, सकाळी ९:४०

आता नवीन काय लावणार? रेड ६ ना?

---

कपाशीवाला · १२ मे, दुपारी १:३०

नाही साहेब, रागावू नका. दोन ८ टीबीच्या, रेड १. एक जळगावहून घेतली, एक नाशिकहून भाचा आणणार आहे, मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून. महिन्याचा स्क्रब चालू, पण पहिल्या रविवारी दिवसा, वडील पारावर असतात तेव्हा. नॅस शोकेसमधून काढून आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर. पंख्यासमोर बायकोच्या जुन्या ओढणीची जाळी लावणार होतो, रुळावरच्यांनी फोनवर ओरडून नको सांगितलं, आता दर महिन्याला ब्रशने साफ करतो.

आणि जी बाहेरची ८ टीबी घेतली ती बहिणीबरोबर नंदुरबारला जाणार. अशाच दोन करतोय. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ती माहेरी आली की अदलाबदल. आखाजीला आणि भाऊबीजेला येतेच, त्यामुळे आठवण ठेवायला वेगळं कॅलेंडर नको.

---

तापीकाठ · १२ मे, दुपारी २:१०

हे भारी आहे. माझी बहीण तर शेजारच्याच गल्लीत दिलीय, माझं कसं होणार.

---

पुण्यातली खान्देशी · १२ मे, दुपारी २:४५

शेजारची गल्लीही चालेल, फक्त छप्पर वेगळं हवं. कपाशीवाले, बाहेर जाणारी डिस्क एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड कागदावर लिहून वडिलांच्या ट्रंकेत ठेवा. आणि अदलाबदल झाली की परत आलेल्या डिस्कवरची दोन-चार फाइल उघडून बघायच्या.

---

कपाशीवाला · २६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:२०

धागा वर काढतोय, काही बिघडलेलं नाही म्हणून.

भाऊबीजेला बहीण आली. डिस्क आणली बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) डब्यात, मध्ये वर्तमानपत्र घालून. चालू केली, पासवर्ड टाकला, उघडली. सगळं ठीक. पण डिस्कला जिऱ्याचा वास येतोय, म्हणून विचारलं ठेवतेस कुठे. म्हणाली, गव्हाच्या कोठीवर, वर कुणाचा हात जात नाही.

कोठीत पावडर मारतात, पावसाळ्यात तिथे ओलही असते. तिला सांगितलंय, कपाटात, साड्यांच्या खाली.

---

रुळावरचा · २६ ऑक्टोबर, रात्री ९:४८

डांबरगोळ्या नाहीत ना त्या कपाटात?

---

कपाशीवाला · २६ ऑक्टोबर, रात्री ९:५५

विचारतो.